जुन्या गेमच्या डिस्क घ्याव्यात का? (ऑनलाइन पास, बंद पडलेले सर्व्हर वगैरे)

मंदार_ठाणे

आमच्या ऑफिसातला एकजण घरातला पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) विकतोय. सोबत दोन कंट्रोलर आणि डझनभर डिस्क. भाचा यंदा दहावी झाला, त्याला द्यावा असा विचार आहे. नव्या पीएस५ चा एकेक मोठा गेम पाच हजार रुपयांच्या आसपास मिळतो, म्हणजे कन्सोल घेऊन झाल्यावर खेळायला काही घ्यायची सोय उरत नाही. हा माणूस किंमत वाजवी सांगतोय. अडचण एवढीच की जुन्या डिस्कांचा माझा अनुभव कडू आहे.

कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून पीएस३ चा फुटबॉलचा एक गेम सेकंडहँड घेतला होता. डबीत एक पातळ चिठ्ठी होती, तिच्यावर चार-चार अक्षरांचे तीन गट. घरी येऊन एकट्याने सामने खेळलो, झकास चालला. रात्री मित्राबरोबर ऑनलाइन खेळायला गेलो तर पडद्यावर आलं, कोड टाका. टाकला. हा कोड आधीच वापरला गेलाय. पुढे जायचं तर नवा पास विकत घ्या. कार्ड बाबांचं, आणि गेमवर पैसे घातल्याचं त्यांना सांगितलेलं नव्हतं. तो गेम मी कधीच ऑनलाइन खेळू शकलो नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कंपनीने डिस्क विकली, पैसे घेतले. पुढे ती डिस्क पहिल्या मालकाकडे राहते की माझ्याकडे येते याच्याशी कंपनीचा संबंध नाही. एका वेळी एकच माणूस ती खेळतोय ना?

तर प्रश्न असे: हे पास अजून असतात का? जुन्या डिस्क घेताना काय बघायचं? आणि कंपन्यांचं हे वागणं तुम्हाला पटतं का?

टवाळ_पोर

भाच्याचं नाव पुढे करून मामाच खेळणार हे सगळ्यांना कळलंय. घ्या बिनधास्त.

रात्रपाळी

चांगला विषय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: तुम्ही म्हणता तसे पास आता नाहीत. तो प्रकार साधारण २०१० ते २०१३ एवढाच चालला.

सुरुवात ईए या गेम कंपनीने केली. जानेवारी २०१० मध्ये 'मास इफेक्ट २' च्या नव्या डबीत एक कोड यायचा, त्यातून जादा भाग फुकट मिळायचे. जुनी डिस्क घेणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजायचे. मग मे २०१० मध्ये त्यांनी खेळांच्या गेमसाठी 'ऑनलाइन पास' जाहीर केला, टायगर वुड्सच्या गोल्फपासून. नव्या डबीत एकदाच चालणारा कोड, आणि जुनी डिस्क घेतली असेल तर १० डॉलर. त्याच सुमारास टीएचक्यू या दुसऱ्या कंपनीने यूएफसीच्या (मारामारीच्या स्पर्धांच्या) गेमला असाच कोड लावला, तिथे ५ डॉलर. २०११ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'युप्ले पासपोर्ट' आला आणि सोनीचा 'पीएसएन पास' आला, 'रेझिस्टन्स ३' पासून.

मे २०१३ मध्ये ईएने पास बंद केला आणि आधीच्या गेमचे पासही फुकट करून टाकले. त्याच वर्षाअखेरीस युबिसॉफ्टनेही सोडून दिला.

सोनीचा नमुना तर बघण्यासारखा आहे. 'अनचार्टेड ३' ऑनलाइन खेळायला पास लागायचा. ३ सप्टेंबर २०१९ ला त्या गेमचे सर्व्हरच बंद झाले. पैसे भरून पास घेतलेला आणि न घेतलेला, दोघेही आज सारखेच बाहेर.

पिक्सेल_पुणेकर

मी पुण्यात एका गेम स्टुडिओत काम करतो. (युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, बाकीही बरेच आहेत. माझा कोणता ते सांगत नाही.) इथे माझ्या मताला फारशी साथ मिळणार नाही हे माहीत आहे, तरी लिहितो.

तेव्हाची अमेरिकेतली परिस्थिती बघा. दुकानात नवा गेम ६० डॉलरला आणि त्याच काउंटरवर, त्याच आठवड्यात, तोच गेम जुना ५५ ला. विक्रेता गिऱ्हाइकाला स्वतःहून जुना घ्यायला सांगायचा, कारण जुन्यावर दुकानाची कमाई कितीतरी जास्त. त्या ५५ डॉलरमधला एक छदामही गेम बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हता. दोन-तीन वर्षं शंभर-दोनशे माणसं राबतात आणि सगळा हिशोब पहिल्या महिन्याच्या विक्रीवर असतो. विक्री कमी पडली की पुढचा भाग रद्द होतो आणि टीम मोडते. मी एका प्रोजेक्टवर हे जवळून पाहिलंय. शुक्रवारी बैठक झाली आणि सोमवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

शिवाय सर्व्हरचा खर्च रोजचा असतो. डिस्क एकदा विकली तरी सर्व्हर चालूच ठेवावा लागतो. ज्याने कंपनीला एक रुपया दिला नाही त्याने सर्व्हर वापरावा आणि त्याचे काहीच पैसे मागू नयेत, हे मला रास्त वाटत नाही.

मंदार_ठाणे

@पिक्सेल_पुणेकर, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. पण ज्याने मला डिस्क विकली तो खेळायचा थांबला. त्याची सर्व्हरवरची जागा मी घेतली. तो अजून दोन वर्षं खेळत राहिला असता तर तुम्ही त्याच्याकडून जादा पैसे घेतले नसतेत. मग माझ्याकडून का?

रात्रपाळी

मंदारना अनुमोदन. आणि सर्व्हरखर्चाचा मुद्दा खरा असता तर कोड फक्त ऑनलाइन भागाला लावले असते. ऑक्टोबर २०११ मध्ये 'बॅटमॅन: आर्कम सिटी' आला. त्यात कॅटवुमनचा भाग नव्या डबीतल्या कोडने उघडायचा. तो भाग एकट्याने खेळायचा आहे, त्यात सर्व्हर कुठून आला? जुनी डिस्क घेणाऱ्याला आतलाच एक तुकडा नाकारायचा, एवढाच तो हिशोब होता.

स्वाती_के

हे म्हणजे अप्पा बळवंत चौकात जुनं पाठ्यपुस्तक घ्यावं आणि शेवटचा धडा प्रकाशकाने कुलूप लावून ठेवलेला असावा.

कोल्हापुरी_कंट्रोलर

माझं कोल्हापुरात लहानसं गेमिंग पार्लर आहे. पीएस४ वरच चालतं आणि जवळपास सगळ्या डिस्का जुन्या घेतलेल्या. पुणेकर साहेब म्हणतात ते ऐकलं, पण आमच्याकडचं गणित पण ऐका की.

आमच्याकडं येणारी पोरं कोण? कुणाचा बाप गुऱ्हाळावर, कुणाचा एमआयडीसीत. ती पाच हजाराचा गेम घेणार नाहीत, कधीच नाहीत. जुनी डिस्क बंद केली म्हणून ती नवी घेतील ह्यो समजच खोटा. ती पायरेटेड खेळतील. पीएस२ च्या काळात तेच होतं. मशीनमध्ये चिप बसवायची आणि शंभराच्या आत डिस्क, रस्त्यावर ढिगानं मिळायच्या. तेव्हा कंपनीला काय मिळत होतं? जुन्या ओरिजिनल डिस्का बाजारात आल्या तेव्हा लोकांना ओरिजिनलची सवय लागली. ज्या पोरानं आठशेला जुना 'गॉड ऑफ वॉर' घेतला, तोच नोकरी लागल्यावर पुढचा भाग पहिल्या दिवशी नवा घेऊन आला, आणि मला दाखवायला पार्लरवर आला. त्याच्या हातात डबी होती तेव्हा त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. प्लास्टिकचं वेष्टण पण फाडलं नव्हतं, माझ्यासमोर फाडायचं म्हणून.

आणि जुना गेम विकून आलेल्या पैशातच लोक नवा घेतात. ते पैसे बंद झाले तर नव्याची विक्री पण बसणार.

टवाळ_पोर

+१. पार्लरचा पत्ता द्या, पुढच्या वेळी अंबाबाईच्या दर्शनाला आलो की येतो. आधी तांबडा-पांढरा, मग 'टेकन'.

बापूकाका

मला यातलं काही कळत नाही, पण नातू खेळतो म्हणून वाचतोय. मध्यंतरी सरकारने ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला ना? मग हे सगळं त्यात येत नाही का?

रात्रपाळी

काका, तो ऑगस्ट २०२५ मधला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे, रमी-पोकर वगैरे. इथे चाललंय ते कन्सोलवरच्या विकत घेतलेल्या गेमबद्दल. त्यात पैसे लावायचे नसतात. नातवाला खेळू द्या.

ॲड_मुग्धा

कायद्याची बाजू थोडी लिहिते, कारण 'डिस्क माझी की कंपनीची' हा प्रश्न फार जुना आहे.

अमेरिकेत १९०८ मध्ये एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, बॉब्स-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस. प्रकाशकाने कादंबरीच्या आत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायचं नाही, विकलं तर कॉपीराइटचा भंग धरू. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. न्यायालयाने प्रकाशकाच्या विरोधात निकाल दिला: प्रत एकदा विकली की ती पुढे कशी विकली जाते यावर कॉपीराइटच्या जोरावर ताबा ठेवता येत नाही. तेच तत्त्व पुढे तिथल्या कायद्यात आलं. अमेरिकेत जुन्या गेमची एवढी मोठी दुकानं उभी राहिली ती त्याच आधारावर.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १४ आहे. पुस्तकांच्या बाबतीत 'आधीच चलनात असलेल्या प्रती' मालकाच्या वितरणाच्या हक्कातून वगळल्या आहेत. संगणक प्रोग्रॅमसाठी वेगळं उपकलम आहे. त्यात पूर्वी असे शब्द होते की प्रत आधी विकली गेली असली-नसली तरी विक्रीचा हक्क मालकाचाच. १९९९ च्या दुरुस्तीत ते शब्द काढले. त्यामुळे घरातली ओरिजिनल डिस्क मंदार यांना विकणारा सहकारी काही गैर करत नाहीये, निश्चिंत राहा.

कंपन्यांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी डिस्कच्या विक्रीला हात लावलाच नाही. त्यांनी डिस्क मोकळी सोडली आणि कोड खात्याला बांधला. डिस्क विकता येते, खातं विकता येत नाही. मला यातली सगळ्यात आक्षेपार्ह गोष्ट हीच वाटते: न्यायालयाने जे करू दिलं नसतं ते तंत्रज्ञानाने करून घेतलं, आणि ग्राहकाला खरेदीच्या वेळी नीट सांगितलंही नाही.

कोल्हापुरी_कंट्रोलर

मुग्धाताई, मग आमच्या पार्लरचं काय?

ॲड_मुग्धा

विकणं वेगळं आणि व्यावसायिक भाड्याने देणं वेगळं. प्रोग्रॅमच्या प्रती भाड्याने देण्याचा हक्क कायद्याने मालकाला दिलेला आहे, आणि डबीवर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं बहुधा छापलेलं असतं. तुम्ही डिस्क बाहेर देत नाही, जागेवर खेळू देता, तेव्हा मुद्दा जरा वेगळा होतो. पण यावर धाग्यात ठाम उत्तर देणं बरोबर नाही. कागदपत्रं घेऊन तिथल्या एखाद्या वकिलांना भेटा.

योकोहामा_डायरी

जपानमध्ये ही लढाई ऑनलाइन पासच्या कितीतरी आधी होऊन गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथल्या प्रकाशकांनी गेमच्या डब्यांवर 'जुना विकू नये' असं चिन्हच छापायला सुरुवात केली होती. जुन्या बाजारात अजून त्या डब्या सापडतात. दुकानदारांनी ऐकलं नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं. प्रकाशकांचं म्हणणं होतं की गेम हा चित्रपटासारखा आहे, आणि चित्रपटाच्या प्रतींच्या वितरणावर निर्मात्याचा ताबा असतो. गंमत म्हणजे टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने दुकानांच्या बाजूने निकाल दिला आणि ओसाकाच्या न्यायालयाने प्रकाशकांच्या. शेवटी २५ एप्रिल २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं: गेमला चित्रपटाचा दर्जा असेलही, पण घरोघरी विकल्या जाणाऱ्या प्रतीवरचा हक्क पहिल्या विक्रीलाच संपतो.

त्यामुळे आज इथे जुने गेम उजळ माथ्याने विकले जातात. टोकियोच्या अकिहाबारातलं एखादं दुकान सोडा, गल्लीतल्या 'बुक ऑफ' (जुन्या पुस्तकांच्या दुकानांची साखळी) मध्येसुद्धा पुस्तकांच्या शेजारी गेमची मांडणी असते. डबीवर प्रतीच्या अवस्थेची खूण असते, माहितीपत्रक आहे की नाही तेही लिहिलेलं असतं. आणि एवढं सगळं असून इथला गेमउद्योग काही बुडाला नाही. पिक्सेल_पुणेकर यांनी याचा विचार करावा असं मनापासून वाटतं.

पिक्सेल_पुणेकर

मुद्दा मान्य आहे, पण तिथला बाजार मोठा आहे, लोक नवेही भरपूर घेतात. जुना गेम विकूच नये असं मी म्हणत नाहीये. दुकानाने जी मलई खाल्ली तिच्यातला थोडा वाटा बनवणाऱ्याला मिळायला हवा होता, एवढंच म्हणतोय. प्रकाशक आणि दुकानं एकत्र बसून ते ठरवू शकले असते. त्याऐवजी दंड खेळणाऱ्याला बसला, तो चुकीच्या माणसाला बसला, हे मी मान्य करतो.

स्टुटगार्टकर

युरोपात दोन्ही प्रकारचे निकाल आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने 'हाफ-लाइफ २' च्या खटल्यात म्हटलं की गेम खात्याला बांधणं चालेल, मग डिस्क विकून उपयोग नसला तरी. ३ जुलै २०१२ ला युरोपियन न्यायालयाने 'यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल' मध्ये सांगितलं की डाऊनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवानासुद्धा पुढे विकता येतो. आम्ही तेव्हा इथे फार खूश झालो होतो, वाटलं आता स्टीमवरचे (पीसी गेम डाऊनलोडने विकणारं ऑनलाइन दुकान) गेमही विकता येतील. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमबाबतच्या खटल्यात ग्राहक संघटनेच्या बाजूने निकाल दिला तेव्हा परत आशा वाटली. २०२२ मध्ये अपिलात तो उलटला. माझ्या स्टीम खात्यात दोन-तीनशे गेम पडून आहेत, त्यातला एकही मुलाच्या नावावर करता येत नाही.

एडिसनची_वहिनी

माझ्या नवऱ्याला २०१३ ची ती गोष्ट अजून तोंडपाठ आहे. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात एक्सबॉक्स वन हा नवा कन्सोल दाखवला. अटी अशा की २४ तासांतून एकदा इंटरनेटला जोडला नाही तर गेम बंद. डिस्क मित्राला द्यायची तर तो निदान ३० दिवस तुमच्या यादीत हवा, आणि एक गेम एकदाच देता येणार. जुना गेम विकता येईल की नाही ते प्रकाशक ठरवणार. १० जूनला सोनीने मंचावरून सांगितलं की आमच्याकडे यातलं काही नाही, तेव्हा सभागृहात टाळ्या थांबेनात. मग सोनीने २२ सेकंदांची चित्रफीत टाकली, 'गेम मित्राला कसा द्यायचा': एकजण डबी पुढे करतो, दुसरा 'थँक्स' म्हणून घेतो. झालं. पीएस४ ची किंमतही ३९९ डॉलर, एक्सबॉक्सची ४९९. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळ्या अटी मागे घेतल्या.

नौदलातल्या आणि लष्करातल्या लोकांनी तेव्हा फार आवाज उठवला होता, कारण जहाजावर रोज इंटरनेट कुठून मिळणार? लोक ठामपणे 'नको' म्हणाले तर कंपनी महिन्याभरात वाकते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

सांगलीचा_सदू

रोज इंटरनेटची अट म्हणजे आमच्यासाठी गेम नकोच म्हणण्यासारखं. त्या वेळी आमच्याकडे लोडशेडिंग जोरात होतं. इन्व्हर्टरवर पीसी चालायचा, पण फोनची लाइन मेली की राउटर मेला. एका कंपनीचा पीसी गेम होता, एकट्याने खेळायचा, पण जोडणी गेली की खेळ थांबायचा आणि शेवटच्या टप्प्यापासूनचं सगळं वाया जायचं. नवा कोरा, ओरिजिनल, पूर्ण पैसे मोजून घेतलेला. शेजारच्याने त्याचीच क्रॅक केलेली प्रत आणली, ती विनाइंटरनेट सुरळीत चालत होती. मी प्रामाणिकपणे पैसे भरले आणि त्रास मलाच. या गोष्टीचा राग मला आजही आहे.

रात्रपाळी

सदूभाऊ, मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' आला तेव्हा जगभर हेच झालं. कायम ऑनलाइनची सक्ती आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. विनाइंटरनेट शक्यच नाही असं कंपनी सांगत होती आणि साधारण वर्षभराने ऑफलाइनची सोय दिलीच.

मला मात्र वाटतं की धागा पासवर अडकलाय आणि खरा धोका पुढे आहे. आता कोड लागत नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही. 'द क्रू' हा युबिसॉफ्टचा गाड्यांचा गेम, डिसेंबर २०१४ चा. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. त्या दिवसापासून डिस्क नवी असो की जुनी, चालत नाही. पुढे लोकांच्या खात्यांतून परवानेही काढून घेतले. त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. मागणी अगदी साधी आहे: गेम विकणं बंद करा, सर्व्हर बंद करा, पण जाताना तो कसाबसा खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. युरोपियन युनियनमधल्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या.

आणि हे करता येतं. 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट' चे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, पण आधी अपडेट देऊन एकट्याने खेळायचा बराचसा भाग ऑफलाइन करून दिला. ती डिस्क आजही कामाची आहे. तेच दुसऱ्याला का जमू नये?

स्टुटगार्टकर

त्या अर्जावर मी सही केली आहे. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटातही टाकला होता. युरोपियन युनियनचं नागरिकत्व असेल तरच सही करता येते, त्यामुळे आमच्यातल्या अनेकांना इच्छा असून करता आली नाही.

स्वाती_के

माझा भाऊ सिंगापूरहून निन्टेन्डोचा स्विच २ कन्सोल आणणार आहे. त्याचे गेम जुने मिळाले तर घ्यावेत का? 'गेम-की कार्ड' म्हणून काहीतरी प्रकार ऐकला.

रात्रपाळी

डबीच्या पुढच्या बाजूला खाली पांढरी पट्टी आणि किल्लीचं चित्र असेल तर ते गेम-की कार्ड. कार्डात गेम नसतो, तो इंटरनेटवरून उतरवायचा. पहिल्यांदा इंटरनेट लागतं, नंतर खेळताना कार्ड आत घालून ठेवावं लागतं. जुनं विकता-घेता येतं, खात्याला बांधलेलं नसतं. पण निन्टेन्डोचे सर्व्हर आहेत तोवरच.

आणि जुनं नेहमीचं कार्डही ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. प्रत्येक कार्डाची स्वतःची ओळख असते. मालकाने त्याची नक्कल करून ठेवली आणि मूळ कार्ड तुम्हाला विकलं, तर एकाच ओळखीची दोन कार्डं ऑनलाइन दिसतात आणि कन्सोलवर बंदी येऊ शकते. २०२५ मध्ये अशा तक्रारी आल्या. एकाला फोटो वगैरे पुरावे दिल्यावर परत सुरू करून मिळाल्याचं वाचलं होतं.

स्वाती_के

बाप रे. म्हणजे नक्कल एकाने करायची आणि कन्सोल माझं बंद! धन्यवाद, भावाला नवेच आणायला सांगते.

बापूकाका

नातवाला विचारलं. तो म्हणतो तो सगळे गेम डाऊनलोडच करतो, डिस्क नाहीतच. मग त्याने पैसे भरून नक्की काय घेतलं?

ॲड_मुग्धा

काका, अगदी बरोबर प्रश्न विचारलात. तो वापरायचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला की 'विकत घ्या' असं बटण दाखवायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे ठळकपणे सांगावं लागेल. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. गेमच्या बाबतीत कुणीतरी ती वापरून बघायला हवी. एखाद्याकडे बंद पडलेल्या गेमची पावती असेल तर मला जरूर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मला यात खरंच रस आहे.

मंदार_ठाणे

एवढं लिहिलंत, सगळ्यांचे आभार. सहकाऱ्याकडून डिस्कांची यादी आणली: गॉड ऑफ वॉर, अनचार्टेड ४, ब्लडबोर्न, जीटीए ५, द क्रू, ओव्हरवॉच, ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट, आणि तीन-चार वेगवेगळ्या वर्षांचे फुटबॉल-क्रिकेटचे गेम. यातलं काय घेऊ?

रात्रपाळी

पहिले तीन डोळे झाकून घ्या, एकट्याने खेळायचे आहेत, कुठलाही कोड लागत नाही. जीटीए ५ ची गोष्टही पूर्ण खेळता येईल. 'द क्रू' चे पैसे देऊ नका, ती आता नुसती चकती आहे. 'ओव्हरवॉच' चे सर्व्हरही ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद होऊन त्याजागी दुसरा भाग आला, आणि तो फुकट मिळतो. त्या डिस्कचेही पैसे देऊ नका. ग्रॅन टुरिस्मो घ्या, पण घरी आणल्यावर आधी अपडेट उतरवून घ्या.

खेळांचे गेम सोफ्यावर दोघांनी बसून खेळायला उत्तम. ऑनलाइन खेळायचं असेल तर त्या त्या वर्षाचे सर्व्हर चालू आहेत का ते प्रकाशकाच्या साइटवर बघा. शिवाय पीएस४ वर बहुतेक विकतच्या गेमना ऑनलाइन खेळायला सोनीच्या पीएस प्लसची वर्गणी लागते, ती वेगळी धरा.

एडिसनची_वहिनी

एक राहिलं. डिस्क कोणत्या देशातली आहे ते विचारा. अमेरिकेतली डिस्क तुमच्या कन्सोलवर चालेल, पण भारतीय खात्यावरून घेतलेले जादा भाग तिला लागू होत नाहीत. आमच्या दिराने इथून नेलेल्या डिस्कांबाबत हेच झालं. डबीच्या कण्यावर आणि डिस्कवर क्रमांक असतो, तो जुळवून बघा.

पिक्सेल_पुणेकर

आणि डबीवर 'संपूर्ण आवृत्ती' असं छापलेलं असलं तरी जादा भाग डिस्कवर आहेत की कोडच्या चिठ्ठीवर, ते तपासा. चिठ्ठी असेल तर ती वापरली गेली आहे असंच धरून किंमत ठरवा. भाच्याला शुभेच्छा, आणि मोठा झाल्यावर जमलं तर एखादा नवा गेमही घे म्हणावं.

कोल्हापुरी_कंट्रोलर

मंदारभाऊ, बघायला जाल तेव्हा डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधून बाहेर जाणारे बारीक चरे चालतात, गोल फिरणारा खोल चरा असला की नको. प्रत्येक डिस्क आत घालून सुरू होईपर्यंत थांबा, नुसतं चिन्ह दिसलं म्हणून काढू नका. कन्सोल वायफायला जोडून तुमच्या स्वतःच्या खात्यानं आत जाऊन बघा, म्हणजे त्याच्यावर बंदी नाही हे कळंल. सॉफ्टवेअर ९.०० किंवा त्याच्या पुढचं आहे का बघा. आधीच्या आवृत्तीत आतल्या घड्याळाचा सेल संपला आणि इंटरनेट नसलं तर डिस्कवरचे गेमपण सुरू व्हायचे नाहीत, ते सोनीनं २०२१ मध्ये दुरुस्त केलं.

आणि पैसे द्यायच्या आधी त्याला सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायमरी पीएस४' (त्याचं खातं या मशीनला बांधणारी सोय) बंद करायला लावा, मगच रीसेट. लोक हे विसरतात, आणि मग विकणारा आठवड्याभराने फोन करून मागं लागतो.

मंदार_ठाणे

सगळं लिहून घेतलं. रविवारी ऐरोलीला जाऊन बघतो. 'द क्रू' आणि 'ओव्हरवॉच' चे पैसे वजा करून किंमत सांगतो त्याला. @ॲड_मुग्धा, त्याच्याकडे 'द क्रू' ची मूळ पावती आहे का तेही विचारतो. असेल तर फोटो काढून व्यनि करतो.